दुःखाची नोंद आणि दुःखाचे कारण : भगिनींच्या ओटीपोटातील वेदनेविषयी





आपल्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण, नोकरी, आरक्षण आणि संघटना या विषयांवर लेख येतात. ते आलेच पाहिजेत. परंतु यंदा मी एक असा विषय घेतला आहे, की जो विहारात बोलला जात नाही, घरात कुजबुजीने बोलला जातो आणि डॉक्टरांपुढे अर्धवट बोलला जातो. तो विषय म्हणजे स्त्रियांच्या ओटीपोटातील, कारण न सापडणारे दुखणे आणि वेळेआधी जाणारी पाळी. विद्यार्थिनींनी तर हा लेख वाचावाच, पण बंधूंनीही पान उलटू नये. कारण घरातील स्त्रीला दवाखान्यात न्यायचे की नाही, कोणत्या दवाखान्यात न्यायचे आणि किती वेळा न्यायचे, हे बहुतेक घरांत अजूनही पुरुषच ठरवतो.

मी कला शाखेची पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. मी डॉक्टर नाही. म्हणून या लेखात कोणतेही औषध सुचवलेले नाही. जे वाचले, जे स्वतः सोसले आणि त्यातून जे शिकले तेवढेच मांडत आहे.

साकेत नगरीतील सात वर्षांची डोकेदुखी

प्रथम एक जुनी कथा सांगते. विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची हकिकत आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यकाचा अभ्यास करून जीवक राजगृहाकडे परत निघाला. वाटेत साकेत नगरीत त्याला समजले, की तेथील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षांपासून डोकेदुखीने पीडित आहे. नामांकित वैद्य आले, भरपूर सोने घेऊन गेले, परंतु गुण आला नाही. जीवक तरुण होता. म्हणून त्या बाईने प्रथम त्याला नकार दिला. तेव्हा त्याने निरोप पाठवला, की आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर इच्छेला येईल ते द्या. तिने त्याला बोलावले. जीवकाने आधी विकार पाहिला, मग औषधी तूप सिद्ध करून नाकावाटे दिले आणि तिची सात वर्षांची व्यथा गेली.

ही कथा आपण जीवकाची थोरवी म्हणून सांगतो. मला मात्र त्यात ती बाईही थोर वाटते. सात वर्षे अनेकांनी हात टेकल्यावरही तिने ‘आता हे असेच चालायचे’ असे म्हटले नाही. आणखी एका वैद्याला दार उघडले. आणि त्या सात वर्षांत ‘तुझे डोके दुखतच नाही’ असे तिला कोणी सांगितल्याचे त्या कथेत कोठेही नाही. वैद्यांना रोग बरा करता आला नाही, पण त्यांनी दुखणे नाकारले नाही.

आज परिस्थिती कशी आहे?

माझा अनुभव

चौतिसाव्या वर्षी माझ्या ओटीपोटात दुखू लागले. प्रथम पाळीच्या आधी दोन दिवस, मग पाळीभर, पुढे पाळी नसतानाही. मी रोह्याला राहते आणि नोकरी पेणला. सकाळच्या गाडीत उभे राहून जाताना डबा पोटाशी दाबून धरायची. काउंटरवर खातेदार उभा असे आणि मी एका हाताने व्हाऊचर लिहीत दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरलेली असे.

पहिले डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. दुसरे म्हणाले, बैठे काम आहे, फिरत जा. सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. तो हातात घेऊन तिसरे डॉक्टर म्हणाले, “ताई, रिपोर्टमध्ये काही नाही. तुम्ही मनावर फार घेता.” चौथ्यांनी तर पाच मिनिटांत निकाल दिला. “दोन मुले झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. कटकटच नको.” घरी आईला सांगितले तर ती म्हणाली, “बायकांच्या जातीला एवढं सोसावंच लागतं, बाय. आम्ही नाय सोसलं?”

सर्वांत वाईट काय झाले असेल तर ते हे, की हळूहळू मलाही वाटू लागले, आपलेच काहीतरी चुकत असेल. मी डॉक्टरांकडे जाणे बंद केले. अडतिसाव्या वर्षी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने चुकू लागली. रात्री अंगातून गरम वाफा निघत, घामाने उशी ओली होई. लोक म्हणाले, बरे झाले, कटकट सुटली. मलाही काही दिवस तसेच वाटले.

मग एक दिवस शाखेत रोकड जुळेना. बँकेत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, दिवसअखेर हिशेबात फरक राहिला तर कोणी असे म्हणत नाही, की हा तुमच्या मनाचा खेळ आहे. एकेक व्हाऊचर पुन्हा काढले जाते, एकेक नोंद पुन्हा तपासली जाते. फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. त्या रात्री उशिराच्या गाडीने परत येताना माझ्या मनात आले, की शंभर रुपयांच्या फरकासाठी आपण एवढे बसतो आणि चार वर्षांच्या वेदनेचा हिशेब मात्र आपण आणि डॉक्टरांनी मिळून अर्ध्यावर सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घातली. त्या वहीचे काय झाले ते पुढे सांगते.

गडचिरोलीतील दोन गावे

हा एकट्या माझा अनुभव असता तर स्मरणिकेची पाने अडवण्याचे कारण नव्हते. आपल्या महाराष्ट्रातच याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. दुखणे आहे म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत, तर गावातील सर्वसाधारण स्त्रिया. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातील आकडे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार आढळला. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार निघाले. निम्मे विकार जंतुसंसर्गाचे होते. पण स्वतः होऊन तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या फक्त ५५ टक्के. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के.

या आकड्यांचा अर्थ काय? बाई तक्रार करीत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असे धरता येत नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, ओटीपोट दुखणे हे ‘बाईपणाचा भाग’ समजून तिने सोडून दिलेले असते. त्या काळी जगभर गरीब देशांतील स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानले जाई. गरोदर नसलेल्या बाईच्या पोटात काय चालले आहे हे विचारणारे कोणी नव्हते. दोन गावांतील ६५० स्त्रियांनी तपासणीला संमती दिली आणि तो प्रश्न साऱ्या जगापुढे आला. म्हणून मी म्हणते, की ते संशोधन जितके डॉक्टरांचे तितकेच त्या ६५० जणींचेही आहे.

दुखण्याची कारणे

ओटीपोटात अनेक अवयव दाटीने बसलेले आहेत. गर्भाशय, अंडाशय, गर्भनलिका, मूत्राशय, आतडी, स्नायू आणि मज्जातंतू. म्हणून दुखण्याचे कारण एकच नसते. त्यातील नेहमीची कारणे अशी :

एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे अस्तर बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर किंवा पोटाच्या पडद्यावर वाढते. तेथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुनरुत्पादक वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही, तर ‘या तपासणीत दिसला नाही’ एवढाच होतो. निदान व्हायला जगात सर्वत्रच अनेक वर्षे लागतात. चारपासून अकरा वर्षांपर्यंतचा विलंब अभ्यासांत आढळला आहे. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीची सात वर्षे येथे आठवतात.

जंतुसंसर्ग. गर्भनलिका व आसपासच्या भागातील जुनाट सूज. वेळीच योग्य औषध घेतले तर बरी होते. पतीलाही औषध घ्यावे लागते, आणि येथेच बरेचदा गाडी अडते.

जननेंद्रियांचा क्षयरोग. आपल्या देशात हे कारण विसरून चालत नाही. खोकला नसतानाही हा असू शकतो. मूल न होणे, पाळी कमी होणे, ओटीपोट दुखणे ही त्याची लक्षणे आहेत. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

याखेरीज गर्भाशयातील गाठी, गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरणे, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर अवयव चिकटणे, मूत्रमार्गाचे व आतड्यांचे विकार, ओटीपोटाच्या स्नायूंचा ताठरपणा अशी कारणे असतात. कधी कधी सर्व तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. तेव्हाही दुखणे खरेच असते आणि त्यावर उपचार करता येतात.

पाळी लवकर जाणे म्हणजे सुटका नव्हे

आपल्याकडे पाळी साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. चाळीस ते पंचेचाळीस या काळात गेली तर ती लवकर गेली असे समजतात. चाळीसच्या आत अंडाशयाचे काम मंदावून पाळी बंद होऊ लागली तर तो स्वतंत्र विकार मानून त्याची तपासणी झालीच पाहिजे. त्यासाठी एफ.एस.एच. नावाची रक्ततपासणी करतात, शंका राहिल्यास चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. थायरॉईडही पाहतात. अंडाशयावरील शस्त्रक्रिया, कर्करोगावरील औषधे, गुणसूत्रांतील दोष, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करणे ही त्याची काही कारणे. पुष्कळ जणींत कारण सापडत नाही.

‘कटकट सुटली’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की पाळीबरोबर शरीराला मिळणारे एक संरक्षणही जाते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप आणि मन यांवर परिणाम होतो. म्हणून चाळीसच्या आत पाळी गेलेल्या स्त्रीला, दुसरी काही अडचण नसल्यास, नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. त्या घ्यायच्या की नाहीत हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण बोलणे मात्र झालेच पाहिजे.

पिशवी काढण्याची घाई

आता सर्वांत गंभीर मुद्दा. दुखण्याचे कारण न शोधता गर्भाशयच काढून टाकणे. काही विकारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते आणि तिने प्राणही वाचतात. प्रश्न आवश्यकता नसताना होणाऱ्या शस्त्रक्रियांचा आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार भगिनींची हकिकत २०१९ मध्ये साऱ्या देशाने वाचली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. या भगिनी कोण? भूमिहीन, दलित, भटक्या, वंचित. पाळीमुळे एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली, तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. दुखणे कामाच्या परिस्थितीत होते आणि कापला गेला तो बाईचा अवयव!

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर पाळी जाण्याचे सर्व परिणाम एका दिवसात सुरू होतात. अंडाशय ठेवले तरी ते पुष्कळदा वेळेआधी थकतात. तिशीत पिशवी काढलेली बाई चाळिशीत कंबर धरून का बसते याचे उत्तर येथे आहे.

कायदा काय सांगतो तेही पाहू. ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले, की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्याची संमती चालत नाही. डॉक्टरांना फी नाकारून वर २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. रक्कम मोठी नाही, पण तत्त्व मोठे आहे. त्यानंतर ५ एप्रिल २०२३ रोजी, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

धम्माची कसोटी

‘डॉक्टर मोठे, आपण लहान, त्यांना कसे विचारायचे?’ असे आपल्या भगिनी म्हणतात. त्यांना मी केसपुत्त गावच्या कालामांची आठवण देते. कोणी गुरू सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी त्यांना केला. स्वतःच्या वचनाची पारख करू देणारा शास्ता आपण मानतो. मग डॉक्टरांना दोन प्रश्न विचारणे हा अपमान कसा होईल? चांगला डॉक्टर प्रश्नाने रागावत नाही.

दुसरी गोष्ट. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयी प्रश्न उपस्थित केला आहे. जीवनच दुःख, मरण दुःख, जन्म दुःख असे म्हणून थांबलो तर धम्म निराशेचा होतो, ही त्यांची हरकत होती. त्यांच्या मांडणीत दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया आहे. हे आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. ‘बायकांना सोसावेच लागते’ असे म्हणणारी आई दुःख मान्य करते, पण ते दूर करता येते हे मानत नाही. ‘तुमच्या मनाचे आहे’ म्हणणारा डॉक्टर दुःखच मान्य करीत नाही. आणि ‘पिशवी काढून टाकू’ म्हणणारा कारण न शोधताच उपाय सांगतो. या तिन्हींपासून आपण दूर राहायचे आहे.

तिसरी गोष्ट. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय, असे संघाला सांगितले. त्या भिक्खूकडे बाकीच्यांनी पाठ फिरवली होती. ज्या दुखण्याची घाण वाटते, लाज वाटते, त्याकडे संघाने प्रथम पाहावे हा त्यातील बोध आहे. आपली महिला मंडळे हे काम करू शकतात.

बाबासाहेबांनी याच आपल्या जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाब्यात, महाडला १९२७ मध्ये पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला आणि डिसेंबरच्या परिषदेत स्त्रियांनाही स्वाभिमानाने राहण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजा व भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या शरीराचा भार हा तिचा एकटीचा खाजगी प्रश्न नाही, त्याची जबाबदारी समाजाने आणि शासनानेही घ्यायची आहे, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

पाठपुरावा कसा करावा

आता त्या वहीकडे येते. वहीत मी रोज चार रकाने भरीत असे. तारीख. दुखणे कोठे व किती, शून्य ते दहा. पाळी, लघवी, शौच व पतिपत्नी संबंध यांचा त्याच्याशी संबंध. आणि त्या दिवशी दुखण्यामुळे कोणते काम राहिले. तीन महिन्यांनी ती वही घेऊन मी पाचव्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटे वही वाचली. म्हणाल्या, “हे आधी कोणाला दाखवलंत का?” मी म्हणाले, “मॅडम, आधी लिहिलंच नव्हतं.”

त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोनदा एफ.एस.एच. झाली, दोन्ही वेळा वाढलेली निघाली. थायरॉईडही मंद होते. पुढे दुर्बिणीतून पाहिल्यावर एंडोमेट्रिओसिस आणि चिकटलेले अवयव सापडले. पाच वर्षांनी माझ्या दुखण्याला नाव मिळाले. पिशवी काढावी लागली नाही. दुखणे पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस अजून त्रास होतो. परंतु झोप लागते, कामावर उभी राहू शकते, हाडांची तपासणी आणि गोळ्या नियमित चालू आहेत. आणि मी खोटे बोलत नव्हते हे मला स्वतःला कळले, याची किंमत पैशात होत नाही.

यावरून काही सूचना करते.

१. वही ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. बँकेत नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असे धरतात. केसपेपरचेही तसेच आहे. तक्रार सांगितल्यावर ती केसपेपरवर लिहिली का, हे नम्रपणे विचारा.

२. सर्व रिपोर्ट, चिठ्ठ्या, सोनोग्राफीच्या फिल्म तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. दाखल झालेल्या रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे.

३. चार प्रश्न विचारा. माझ्या दुखण्याचे कारण काय असू शकते? या तपासणीत काय दिसते आणि काय दिसत नाही? दुसरा उपाय आहे का? काही न करता तीन महिने थांबले तर काय होईल?

४. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याखेरीज सही करू नका. अंडाशय ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचारा. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

५. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत स्त्री असावी असा आग्रह धरण्याचा तुम्हाला अधिकार आहे. लाजेपोटी तपासणी टाळू नका. मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले ते याच लाजेवर उपाय म्हणून, तेथे स्त्रियांवर उपचार स्त्री डॉक्टरांनीच करावेत या हेतूने.

६. खर्चाच्या भीतीने थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तेथे भागले नाही तर पुढची चिठ्ठी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. धाटावच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्या भगिनींनी आपले राज्य विम्याचे कार्ड आहे का ते पाहावे.

७. पुढील लक्षणे असतील तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाळी चुकलेली असताना अचानक तीव्र दुखणे, चक्कर येऊन पडणे, दुखण्याबरोबर ताप, अतिरक्तस्राव. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले किंवा वजन झपाट्याने उतरू लागले, तरी तपासणी लांबवू नका.

संस्थेने काय करावे

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक विनंती ठेवते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण विहारात ग्रंथवाचन करतो. त्यातील एक रविवार महिलांच्या आरोग्यासाठी ठेवावा. सरकारी रुग्णालयातील स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका यांना बोलवावे. आपल्या पेण तालुक्यात हमरापूर, जोहे येथे गणपतीच्या कारखान्यांत भगिनी दिवसदिवस बसून रंगकाम करतात, रोह्याकडे आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. त्यांना खाडा करून दवाखान्यात जाणे परवडत नाही. त्या जेथे आहेत तेथे आपण गेले पाहिजे. आणि ज्या भगिनीला एकटीने डॉक्टरांपुढे बोलता येत नाही, तिच्यासोबत मंडळातील एकीने जावे. दोघी गेल्या की डॉक्टरही दोन मिनिटे अधिक देतात, हा माझा अनुभव आहे.

विद्यार्थिनींना एवढेच सांगते, की पाळीत दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडेल इतके दुखत असेल तर ते ‘नॉर्मल’ नाही. आईला सांगा. आईने ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आणि मातांनो, मुलीने पोट दुखते असे सांगितले तर ‘आम्ही नाही का सोसले’ हे वाक्य तोंडातून काढू नका. माझ्या आईचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. माझे निदान झाल्यावर तिने एका संध्याकाळी मला जवळ बसवून तिच्या तरुणपणीचे दुखणे प्रथमच सांगितले. ते अगदी माझ्यासारखेच होते. तिला कोणी कधी विचारले नव्हते.

आपण आपल्या मुलींना विचारूया.

नमो बुद्धाय! जयभीम!